बोधीचे तास आणि माझा क्लच

आमच्या बोधीच्या नाकावर राग असतो आणि तो तिनं माझ्याकडूनच घेतलाय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला ऐकवायला नको. मी बिजली ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसते. लोक दिवसभर माझ्या तोंडासमोर बिलं नाचवतात. मी ऑफिसात "हाँ जी, देखते हैं" म्हणते आणि उरलेलं सगळं घरी घेऊन येते. बोधी माझ्यापेक्षा प्रामाणिक, ती सगळीकडे सारखीच भडकते. चार्जर जागेवर नसला तरी घर डोक्यावर घेते.

तर ही आमची संबोधी, वय तेवीस, पायलटचं लायसन्स घेऊन घरी बसली होती. लोकांना वाटतं, लायसन्स मिळालं की दुसऱ्या दिवशी पोरगी टोपी घालून विमानात. मलाही तसंच वाटायचं. पण तसं नसतं. लायसन्स मिळतं दोनशे तास विमान उडवल्यावर, आणि पुढे मोठ्या विमानाचं कप्तान व्हायचं तर पंधराशे तास लागतात. मधले तास आणायचे कुठून, यातच नव्या पायलटांचा जीव अर्धा होतो. मोठ्या एअरलाइन्सकडे अर्ज करून झाले होते, तिकडे पोरांची ही रांग. हातात होत्या त्या दोनच जागा.

एक होती अहमदाबादच्या चार्टर कंपनीत. छोटं जेट विमान, शेठ लोकांना इकडून तिकडे न्यायचं, बोधी को-पायलट. कडक इस्त्रीचे कपडे, खांद्यावर पट्ट्या. पण शेठच्या मनात येईल तेव्हाच विमान उडणार. महिन्याला फार तर पंधरा-वीस तास, आणि को-पायलटचे म्हणून त्यातलेही निम्मेच धरणार. बाकी वेळ विमानतळावर बसून कॉफी प्यायची.

दुसरी जागा निमाडातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये. तिथे आधी ते लोक तिला शिकवायचं कसं ते शिकवणार, मग ती नव्या पोरांना उडवायला शिकवणार. दोन सीटचं विमान, धूळ, आणि निमाडातलं ऊन तर विचारूच नका. पण महिन्याला साठ-साठ तास, आणि सगळेच्या सगळे धरणार, कारण विमानाची जबाबदारी शिकवणाऱ्याची असते. दोन्हीकडे महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

आमच्याकडे असले प्रश्न दरबारात सुटतात. हसू नका. माझे सासरे धोंडिबा, म्हणजे आमचे बाबा, महूला पलटणीत होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. इंदूरला राजेंद्रनगरात घर घेतलं तरी पलटण काही त्यांच्यातून गेली नाही. त्यांचं म्हणणं असं की मसलतीत मोठा माणूस आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना हलवतात. म्हणून सगळ्यांत लहान आधी बोलणार, मग त्याच्याहून मोठा, आणि बाबा सगळ्यांत शेवटी. रविवारी पोहे झाले की खुर्च्या मांडायच्या. माझं लग्न झालं तेव्हा या घरात मीच सगळ्यांत लहान होते. पहिल्याच रविवारी मला आधी बोलायला सांगितलं, तेव्हा मी घाईघाईनं पोहेच परत वाढायला लागले होते. पण तेव्हापासून सासरी माझं बोलणं कधी कोणी मध्येच तोडलं नाही, हे खरं.

तर त्या रविवारी बोधी आधी बोलली. "मी फ्लाइंग स्कूलमध्ये जाणार. मला तास हवेत, इस्त्री नको. तिकडे दोन-अडीच वर्षांत होतील. चार्टरमध्ये म्हातारी होईन."

मग माझी पाळी. मी म्हटलं, "तुला शिकवायला जमणार नाही. परवा बाबांना मोबाइलवर फोटो पाठवायला शिकवत होतीस. दुसऱ्या मिनिटाला फोन हिसकावून स्वतःच पाठवलास. तिथे पोराच्या हातून विमान हिसकावशील?"

हे खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं. मला भीती वाटत होती. ज्याला अजून काही येत नाही अशा पोराशेजारी माझी मुलगी रोज आकाशात बसणार, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. चार्टरमध्ये निदान शेजारी केस पिकलेला कप्तान असतो. पण भीती वाटते म्हणाले असते तर बोधीनं तेवढ्यातच अपघातांची आकडेवारी तोंडावर फेकली असती, म्हणून मी रागाचं कारण पुढे केलं.

बोधीचे पप्पा, संघदीप, सरळ माणूस. ते म्हणाले, "मलाही चार्टर बरं वाटतं. ड्रेस छान दिसेल." त्यांनी समाजाच्या ग्रुपवर टाकायच्या फोटोखाली काय लिहायचं, हेसुद्धा मनात ठरवून ठेवलं असणार.

बाबांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. म्हणाले, "पोरगी म्हणते जमेल, आई म्हणते नाही जमणार. मग वाद कशाला, बघून घेऊ. बोधी, तू सुमनला गाडी शिकव. महिनाअखेरीला परत दरबार."

"मला? गाडी?" मी म्हटलं.

आता माझ्या गाडीची गोष्ट सांगायला हवी. लायसन्स माझ्याकडे कधीपासून आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर टेस्ट दिली, पास झाले, आणि त्यानंतर ते लायसन्स फक्त रेल्वेत टीसीला दाखवायच्या कामी आलं. मध्ये एकदा बोधीच्या पप्पांनी मला आमच्या वॅगन-आरवर शिकवायचं मनावर घेतलं. ते रस्त्याकडे बघायचेच नाहीत, माझ्या पायांकडे बघायचे. "क्लच, क्लच, क्लच, अगं क्लच." तिसऱ्या दिवशी मी चौकात गाडी बंद केली, उतरले आणि सिटी बसनं घरी आले. पुढचा आठवडा आम्ही एकमेकांशी मिठापुरतं बोललो. तेव्हापासून त्या गाडीत मी कायम डावीकडेच बसत आले.

बोधीनं पहिल्याच सकाळी मला सुपर कॉरिडोरला नेलं. तो रस्ता इतका रुंद आहे की सकाळी तिथे माझ्यासारखीलासुद्धा धडकायला शोधून माणूस मिळत नाही. ती डावीकडे बसली. मी मनात म्हटलं, आता सुरू होईल आरडाओरडा, दोन दिवसांत निकाल लागेल, पोरगी अहमदाबादला जाईल.

पण तसं काही झालं नाही. ती म्हणाली, "आई, गाडी सुरू करू नकोस. आधी नुसती बस. आरसे बघ. सीट तुझ्या उंचीची आहे का? नाहीये ना? ती पप्पांच्या उंचीची आहे." बघा, इतक्या वर्षांत कोणी माझी सीट पुढे सरकवली नव्हती. मी क्लच दाबायला अर्धी लोंबकळत होते आणि सगळे मला म्हणत होते, तुला जमत नाही.

मग तिनं नियम सांगितला. विमानात दोघांच्या हातात कंट्रोल असतात, त्यामुळे कोण चालवतंय हे तोंडानं बोलायचं असतं. "मी 'माझ्याकडे' म्हटलं की तू स्टिअरिंग सोडायचं आणि म्हणायचं 'तुझ्याकडे'. मी परत देताना 'तुझ्याकडे' म्हणेन, मग तू 'माझ्याकडे' म्हणून घ्यायचं. त्याशिवाय कोणी घ्यायचं नाही, कोणी सोडायचं नाही."

"ही वॅगन-आर आहे बाई," मी म्हटलं.

"हो ना. मग सोपंच आहे."

गाडी बंद पडली. परत पडली. मी चिडून स्टिअरिंगवर हात आपटला. आणि ही माझी पोरगी, चार्जरवरून घर डोक्यावर घेणारी, हळू आवाजात विचारते, "आई, बंद पडायच्या आधी तुझ्या डाव्या पायाला काय जाणवलं?" कोणाची पोरगी आणून बसवलीये इथे, असं वाटलं. घरी आल्यावर टॉवेल ओला का, म्हणून ती परत पहिल्यासारखी किंचाळली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

दोन आठवडे असे गेले. मी दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर आले. बंगाली चौराहा पार केला, तेही ट्रॅफिक असताना. एकदा मागच्या लोडिंग रिक्षावाल्यानं हॉर्नवर हॉर्न मारला, तर मी काच खाली केली आणि ऑफिसातल्या खिडकीवरच्या आवाजात सांगितलं, "रुको भिया, सीख रही हूँ." तो बिचारा गप्प बसला. ऑफिसात मी हे सगळ्यांना रंगवून रंगवून सांगितलं. एवढा आनंद मला याआधी कशानं झाल्याचं आठवत नाही.

आणि मग आला तो रेतीचा ढीग.

सुपर कॉरिडोरच्या आतल्या रस्त्यावर कोणाचं तरी बांधकाम चालू होतं, रस्त्याच्या कडेला रेती टाकलेली. समोरून एक ट्रॅक्टर आला, जरा जास्तच आमच्या बाजूला. मी गाडी डावीकडे घ्यायला लागले, पण हळू घेत होते. बोधीनं हात घालून स्टिअरिंगला हलका धक्का दिला, नुसती मदत म्हणून. तोंडानं काही बोलली नाही. माझ्या डोक्यात एवढंच राहिलेलं, तिनं घेतलं की सोडायचं. मी आपले दोन्ही हात उचलले, मांडीवर ठेवले आणि आज्ञाधारकपणे म्हटलं, "तुझ्याकडे." तिला वाटत होतं माझ्याकडेच आहे, तिनं धक्का देऊन हात काढलाही होता. ट्रॅक्टर गेला. आणि आमची गाडी, आत दोन माणसं असून कोणाच्याच हातात नसलेली, सावकाश रेतीच्या ढिगावर चढली आणि नाक वर करून थांबली.

झोपडीतून चौकीदार बाहेर आला. गाडीकडे बघितलं, आम्हा दोघींकडे बघितलं. "मैडम, गाडी कौन चला रहा था?" त्यानं विचारलं.

मला जे हसू फुटलं ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं. त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. गाडीला काही झालं नव्हतं, आम्हालाही नाही, चौकीदारानं फावड्यानं रेती काढून दिली. पण बोधी हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. घरी येईपर्यंत तिनंच गाडी चालवली.

त्या दिवशी चार्जर सापडला नाही तरी ती कोणाला काही म्हणाली नाही. मला ते अजिबात आवडलं नाही.

महिनाअखेरीच्या रविवारी दरबार भरला. पोहे झाले. बोधी आधी बोलली, "मी चार्टरला हो म्हणणार आहे. आई बरोबर म्हणत होती. नियम मीच शिकवला आणि मीच मोडला. इथे रेती होती. धावपट्टीवर उतरताना असं झालं असतं तर शेजारचं पोर आणि मी, दोघंही गेलो असतो. मी शिकवायच्या लायकीची नाही."

बोधीच्या पप्पांचा चेहरा खुलला. मनातल्या मनात फोटोखाली ओळ लिहून झाली असणार.

आता माझी पाळी. मला हवं होतं ते सगळं पोरीनं स्वतःच्या तोंडानं माझ्या पदरात टाकलं होतं. केस पिकलेला कप्तान, कडक इस्त्री, धूळ नाही, शिकाऊ पोरं नाहीत. मी फक्त "ठीक" म्हणायचं होतं. पण ती खाली मान घालून बसली होती, आणि मला दिसत होतं की अशीच मान घालून ती विमानतळावर कॉफी पीत बसेल, आणि आपल्याला शिकवता येत नाही असं आयुष्यभर मानत राहील. ज्या बाईनं दोन आठवड्यांत मला चौराहा पार करायला शिकवलं, ती. आणि तिला शिकवता येतं की नाही, हे ज्या एका माणसाला माहीत होतं त्याला कोणी विचारलं नव्हतं. ते माणूस मी होते.

मी उठले आणि किल्ली घेतली. "माझं मत देण्याआधी गाडीत पेट्रोल भरून येते," मी म्हटलं.

बोधी उठली. "थांब, मी येते."

"तू बस खाली."

"सुमन, एकटी?" बोधीचे पप्पा म्हणाले.

"गाडीत अजून चार सीट आहेत, पण हो, एकटी." बाबा काहीच बोलले नाहीत, त्यांची पाळी नव्हती.

खरं सांगते, गल्लीच्या टोकापर्यंत मी पहिल्याच गिअरवर गेले. शेजारची सीट रिकामी होती आणि ती मला सारखी दिसत होती. मी सीट माझ्या उंचीला आहे का बघितलं. आरसे बघितले. मोठ्या रस्त्याला लागताना गाडी बंद पडली, मागच्यानं हॉर्न वाजवला, आणि मी स्वतःलाच विचारलं की डाव्या पायाला काय जाणवलं होतं. पायानं बरोबर सांगितलं. गाडी सुरू झाली. पंपावर मी रुबाबात आत शिरले, काच खाली केली, आणि पोऱ्या म्हणाला, "आंटी, टंकी उस तरफ है." मग सगळ्यांसमोर मागे घेतली, पुढे घेतली, परत मागे घेतली. रांगेतल्या दोन कार आणि एक दूधवाला वाट बघत होते. बघू देत. मी पेट्रोल भरलं, हवा चेक करायला लावली, आणि एवढं केलंच आहे तर शेजारून कचोऱ्याही घेतल्या.

परत येताना गाणं म्हणत होते म्हणा ना.

गल्लीत शिरले तर फाटकात सगळी पलटण उभी. गाडी आत घ्यायची जागा तशी अरुंद, एका बाजूला फाटकाचा खांब, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची स्कूटर. बोधीचे पप्पा दोन्ही हात हवेत हलवत धावले, "डावीकडे, डावीकडे, क्लच." तर बोधीनं त्यांचा शर्ट मागून पकडला आणि त्यांना जागेवर थांबवलं. ती स्वतः पुढे आली नाही. ओठ घट्ट मिटलेले, हात पाठीमागे बांधलेले, नजर फक्त पुढच्या चाकावर. खांब माझ्या आरशापासून एवढासा राहिला तेव्हा तिचे खांदे वर गेले, पण तोंडातून हूं की चूं नाही. मी थांबले, मागे घेतली, परत आत घातली. गाडी तिरकी उभी राहिली, पण कशालाही न लागता.

बोधी आली, डावीकडचं दार उघडलं, आत बसली आणि दार लावून घेतलं. मला वाटलं आता मिठी मारेल, रडेल. कसलं काय. ती म्हणाली, "वळताना इंडिकेटर दिला नाहीस. आत घेताना वेग जास्त होता. आणि थांबलीस ते बरोबर थांबलीस, अजून एक हात आधी थांबली असतीस तर जास्त बरं झालं असतं." शांत आवाजात, माझ्याकडे बघून, एकही शब्द न चढवता.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. छान चालवलीस."

मग मी तिला सांगितलं. "ऐक. तू रेतीवर चूक केलीस, बरोबर. ती चूक तू आता जन्मात करणार नाहीस. ज्याला आपली चूक बघून जेवण जात नाही, अशाच माणसाशेजारी मी दुसऱ्याच्या पोराला बसवीन. हे माझं मत. मला तिकडच्या पोरांची भीती वाटते, तुझी नाही. ती भीती माझी आहे, मी बघून घेईन."

बाहेर बाबा खिडकीशी वाकले होते, आणि त्यांच्या मागे बोधीचे पप्पा, मागच्या सीटवरून काढलेली कचोरीची पिशवी घेऊन. "संघदीप, तुझं?" बाबांनी विचारलं. "त्या शाळेतसुद्धा ड्रेस असतो का?" पप्पांनी विचारलं. बोधी म्हणाली, असतो. "मग माझी हरकत नाही," ते म्हणाले. बाबांनी नुसतं "मंजूर" म्हटलं आणि कचोरी खायला निघून गेले.

बोधीनं तिथेच बसून निमाडात फोन लावला. "सर, संबोधी बोल रही हूँ. मैं आ रही हूँ, पढ़ाने." तिकडून विचारलं, कधी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, पुढच्याच आठवड्यात.

फोन ठेवल्यावर मला एकदम भरून आलं. ही जाणार हे मला आधीपासून माहीत होतं, आणि तरी ते आत्ताच कळल्यासारखं वाटलं. "आणि माझ्या शेजारी आता कोण बसणार?" मी विचारलं.

"कोणी नाही, आई. त्यासाठीच तर शिकवलं," ती म्हणाली, आणि गाडीतून उतरली.